जगाचे आरोग्य-करार आणि आपण: मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरोग्य आणि कायदा या विषयावर मी महाविद्यालयांत, वाचनालयांत, कधी वस्तीतल्या समाजमंदिरात बोलते. बोलणं संपलं की खरे प्रश्न सुरू होतात आणि मग ते फोनवर येत राहतात. स्पर्धा परीक्षेची मुलं विचारतात, परदेशी निघालेली कुटुंबं विचारतात, जहाजावरच्या मुलांच्या आया विचारतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आरोग्यासाठी आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे नक्की काय? असं एखादं पुस्तक आहे का?

एक पुस्तक नाही, वेगवेगळ्या करारांची मोळी आहे. मध्यभागी जागतिक आरोग्य संघटनेची (डब्ल्यूएचओची) घटना आहे. ती १९४६ मध्ये मान्य झाली आणि ७ एप्रिल १९४८ पासून लागू झाली, म्हणून ७ एप्रिलला जागतिक आरोग्य दिन असतो. तिच्याखाली आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली आहे. आजची नियमावली २००५ ची, १५ जून २००७ पासून लागू असलेली, आणि १९६ देशांना बांधणारी. तंबाखूवर वेगळा करार आहे. शिवाय मूळ विषय दुसराच, पण आरोग्यावर थेट परिणाम करणारे करार आहेत: पेटंटचा, अमली पदार्थांचा, पाऱ्याचा, खलाशांच्या हक्कांचा. परीक्षेला बसणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. करारात देश सही आणि अनुसमर्थन (सही केलेला करार आपल्यावर बंधनकारक आहे असं रीतसर कळवणं) करून स्वतःहून शिरतो. नियमावलीचं उलट आहे. ती संघटनेच्या सभेत मंजूर झाली की ठरलेल्या मुदतीत ‘आम्हाला मान्य नाही’ असं न कळवणारा प्रत्येक देश आपोआप बांधला जातो.

२. मुंबईचा याच्याशी काय संबंध? हे सगळं जिनिव्हात, संघटनेच्या मुख्यालयात ठरतं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

देशोदेशींची पहिली आरोग्य परिषद १८५१ मध्ये पॅरिसला भरली, कॉलऱ्यामुळे. पुढची चाळीसेक वर्षं परिषदा होत राहिल्या, पण सगळ्यांना बांधील असं काही हाती लागेना. जहाजं किती दिवस अडकवायची यावर वाद होता. व्यापारी देशांना ती अडकवणं परवडत नव्हतं आणि बाकीच्यांना रोगाची भीती होती. कॉलऱ्यावर पहिला करार १८९२ मध्ये झाला.

मग १८९६ चा सप्टेंबर आला. मांडवीच्या गोदामांच्या आणि दाटीच्या चाळींच्या भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे असं स्पष्ट सांगितलं. ते ऐकायला कुणी उत्सुक नव्हतं, कारण प्लेग म्हटलं की बंदर बुडालं. झालंही तसंच. मुंबईहून निघालेल्या जहाजांकडे युरोपची बंदरं संशयाने पाहू लागली आणि १८९७ मध्ये मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट बंद झाली. त्याच वर्षी व्हेनिसला फक्त प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि करार झाला. आपल्याकडे ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. २०२० मध्ये महाराष्ट्राने कोविडसाठी वापरला तो हाच.

म्हणजे जगाच्या आरोग्य कायद्यातलं एक पान मांडवीच्या, मशीद बंदराजवळच्या, गल्ल्यांमुळे लिहिलं गेलं. त्या पानावरचा प्रश्न आजही सुटलेला नाही: रोग आहे हे आधी सांगणाऱ्याचं काय होतं? (प्रश्न ६ पाहा.)

३. ‘डब्ल्यूएचओ आता भारतात लॉकडाऊन लावणार, लस सक्तीची करणार’ असा मेसेज फिरतोय. खरं आहे का?

नाही. संघटनेकडे पोलीस नाहीत, दंड करायचा अधिकार नाही, सीमा बंद करायचाही नाही. नियमावलीनुसार महासंचालक शिफारशी करू शकतात. त्या शिफारशीच असतात, देशावर बंधनकारक नसतात. २०२५ मध्ये मान्य झालेल्या महासाथ करारात तर स्पष्ट लिहिलं आहे की कोणत्याही देशाचे कायदे बदलायला लावण्याचा, प्रवासबंदी, लससक्ती किंवा लॉकडाऊन लादण्याचा अधिकार या करारातून संघटनेला मिळत नाही. २०२० मध्ये आपण घरात बसलो ते आपल्याच केंद्राच्या आणि राज्याच्या आदेशांमुळे. ते आदेश योग्य होते की नव्हते यावर जरूर वाद घाला, पण जाब विचारायची जागा जिनिव्हा नव्हे.

४. साथ आली की सरकारला जगाला कळवावंच लागतं का?

चार रोगांचा एक रुग्ण सापडला तरी कळवावंच लागतं: देवी, रानटी विषाणूचा पोलिओ, माणसात आलेला नव्या उपप्रकाराचा फ्लू, आणि सार्स हा श्वसनाचा गंभीर आजार. बाकीच्या घटनांसाठी नियमावली चार प्रश्न विचारते. परिणाम गंभीर आहे का? घटना अनपेक्षित किंवा नेहमीपेक्षा वेगळी आहे का? दुसऱ्या देशात पसरायचा मोठा धोका आहे का? प्रवास किंवा व्यापारावर बंधनं येण्याचा मोठा धोका आहे का? यांतल्या कोणत्याही दोन प्रश्नांना ‘हो’ असेल तर मूल्यमापनानंतर २४ तासांच्या आत कळवायचं. भारतातून हे काम दिल्लीचं राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र करतं. पण त्याची सुरुवात दिल्लीत होत नाही. ती होते चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयातल्या एखाद्या निवासी डॉक्टरच्या शंकेतून, किंवा वॉर्डातल्या आरोग्य सेविकेने भरलेल्या नोंदीतून. त्या नोंदीवर वर बसलेल्या कुणी ‘आत्ता नको’ म्हटलं, तर करार तिथेच मोडला.

५. आणि सरकारने लपवलं तर?

पूर्वी मार्गच नव्हता. जुन्या नियमावलीत शेवटी कॉलरा, प्लेग आणि पीतज्वर एवढेच रोग उरले होते. २००२ च्या अखेरीस चीनमध्ये सार्स सुरू झाला तेव्हा तो यादीत नव्हता, त्यामुळे कळवायचं कायदेशीर बंधनही नव्हतं. २००५ च्या नियमावलीने यादीपुरतं पाहणं सोडलं. शिवाय वर्तमानपत्रं, डॉक्टर, प्रयोगशाळा अशा सरकारबाहेरच्या स्रोतांकडून आलेली माहितीही संघटना विचारात घेऊन त्या देशाकडे खुलासा मागू शकते. प्राथमिक उत्तर २४ तासांत द्यावं लागतं. मात्र देशाने नकार दिला तर संघटनेला परवानगीशिवाय तपासणीचं पथक धाडता येत नाही. माझ्या मते नियमावलीतलं हे सगळ्यात मोठं भगदाड आहे, आणि २०२४ च्या दुरुस्त्यांनीही (प्रश्न ७ पाहा) ते बुजलेलं नाही.

६. कळवलं की बाकीचे देश विमानं बंद करतात. मग कळवेल कोण?

सगळ्या प्रश्नांचं मूळ इथे आहे.

१९९४ मध्ये सुरतला प्लेग झाला. सुरत आपल्यापासून एका रात्रीच्याही अंतरावर नाही. तिथून निघालेली माणसं मुंबईत उतरत होती आणि स्थानकांवर लोक नाकाला रुमाल लावून फिरत होते. साथ काही आठवड्यांत आटोक्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने प्रवासबंदीची शिफारस केली नव्हती. तरीही अनेक देशांनी भारताची विमानं थांबवली, माल परत पाठवला. रोगाने केलं त्याहून मोठं आर्थिक नुकसान घाबरलेल्या जगाने केलं.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी कोविडचा नवा प्रकार ओळखला आणि लगेच जगाला सांगितला. त्याला ओमायक्रॉन हे नाव मिळेपर्यंत त्या देशाची विमानं बंद व्हायला लागलीही होती. नियम पाळल्याचं हे फळ.

कायद्यात उपाय आहे. नियमावलीच्या कलम ४३ प्रमाणे संघटनेच्या शिफारशीपलीकडे जाऊन प्रवासात मोठा अडथळा आणणाऱ्या देशाने ४८ तासांत त्याची शास्त्रीय कारणं कळवायची आणि तीन महिन्यांत तो निर्णय पुन्हा तपासायचा. पण कारण दिलं नाही तर शिक्षा काही नाही. तक्रारीसाठी वाटाघाटी आणि लवादाची सोय आहे (प्रश्न १४ पाहा), पण दुसऱ्या देशाशी भांडण नको म्हणून सगळे गप्प बसतात. मला विचाराल तर नव्या करारांपेक्षा या एका कलमाला धार आणणं अधिक गरजेचं आहे. व्हिएगस यांच्यासारख्या माणसाने ‘प्लेग’ हा शब्द उच्चारताना त्याच्या शहराचं पोट मारलं जाणार नाही, एवढी खात्री जगाने द्यायला हवी.

७. ‘आणीबाणी’ आणि ‘महासाथ’ यांत फरक काय? कोविडच्या वेळी दोन तारखा का सांगतात?

३० जानेवारी २०२० ला जाहीर झाली ती ‘आंतरराष्ट्रीय चिंतेची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी’. हा नियमावलीतला कायदेशीर शब्द आहे. ११ मार्चला महासंचालक ‘महासाथ’ म्हणाले, पण त्या शब्दाला तेव्हा कायद्यात स्थान नव्हतं. खरी घंटा जानेवारीत वाजली होती, जगाने ती मार्चमध्ये ऐकली. या गोंधळातून शिकून २०२४ मध्ये नियमावलीत ‘महासाथ आणीबाणी’ ही वरची पायरी घातली गेली. त्या दुरुस्त्या १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहेत. अमेरिकेने त्या नाकारल्या. कोविडची आणीबाणी ५ मे २०२३ ला उठवली. पोलिओची मात्र २०१४ मध्ये जाहीर झाली आणि वर्षानुवर्षं वाढवत नेली गेली.

८. नवा महासाथ करार झाला म्हणतात. मग तो लागू का नाही?

२० मे २०२५ ला जागतिक आरोग्य सभेने तो स्वीकारला. आदल्या दिवशी समितीत मतदान झालं तेव्हा १२४ देश बाजूने होते, विरोधात कुणी नाही, ११ तटस्थ. पण सगळ्यात अवघड भाग परिशिष्टासाठी बाजूला ठेवला गेला आणि ते परिशिष्ट मान्य झाल्याशिवाय करार सह्यांसाठी खुलाच होत नाही. त्यानंतर ६० देशांचं अनुसमर्थन लागतं.

अवघड भाग कोणता? विषाणूचा नमुना एका देशाने द्यायचा, त्यावरून लस दुसऱ्या देशातली कंपनी करणार, आणि नमुना देणारा रांगेत शेवटी. २००७ च्या सुमारास इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने द्यायचं थांबवलं ते याच रागातून. त्यातून २०११ मध्ये फक्त फ्लूपुरती वाटपाची एक चौकट बनली. नव्या करारात सहभागी कंपन्यांनी महासाथीच्या काळात उत्पादनाचा २० टक्के वाटा संघटनेला उपलब्ध करून द्यायचा, त्यात उत्पादनाचा किमान १० टक्के वाटा मोफत, असं उद्दिष्ट आहे. उरलेल्या ८० टक्क्यांचं काय, असं एका विद्यार्थिनीने मला विचारलं होतं. तिचा प्रश्न रास्त आहे आणि वाटाघाटीच्या टेबलावरही तोच आहे.

९. करारावर सही दिल्ली करते, दवाखाने चालवते महापालिका. मग जबाबदार कोण?

राज्यघटनेप्रमाणे सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, पण बंदरांवरचं विलगीकरण केंद्राचा. म्हणून सहारच्या विमानतळावर आणि बंदरात केंद्राचे आरोग्य अधिकारी असतात, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की महापालिकेची हद्द. करार पाळण्यासाठी संसद राज्यांच्या विषयावरही कायदा करू शकते (कलम २५३). पण कायदा केलाच नाही तर नुसत्या आंतरराष्ट्रीय कराराच्या जोरावर नागरिकाला सहसा दाद मागता येत नाही. न्यायालयं मात्र देशातल्या कायद्याशी विसंगत नसलेला करार हक्कांचा अर्थ लावताना वापरतात. कामाच्या जागी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाबद्दलच्या १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेच केलं.

१०. पेटंटमुळे औषध परवडत नसेल तर आंतरराष्ट्रीय कायदा काही करतो का?

करतो, आणि त्याचं उत्तम उदाहरण मुंबईतच घडलं.

जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारामुळे २००५ पासून भारताला औषधांवर पेटंट द्यावं लागतं. त्याआधी आपल्याकडे फक्त औषध बनवायच्या पद्धतीला पेटंट मिळायचं, औषधाला नाही. म्हणून २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाला एचआयव्हीची तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ करता आली. तेव्हा श्रीमंत देशांत त्याच उपचाराला १०,००० डॉलरच्या वर मोजावे लागत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोहा येथे सगळ्या सदस्य देशांनी मान्य केलं की ट्रिप्सचा अर्थ लोकांच्या आरोग्याला पूरक असा लावला पाहिजे आणि सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला औषध बनवायची सरकारी परवानगी, कधी द्यायचा हे प्रत्येक देशाने ठरवावं.

९ मार्च २०१२ ला मुंबईच्या पेटंट कार्यालयाने देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला. औषध होतं यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं सोराफेनिब. पेटंटधारक बायरची किंमत महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये होती, परवाना मिळालेल्या नॅटकोची ८,८८० रुपये. बायरला स्वामित्वशुल्क (रॉयल्टी) ठरवून दिलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. परळला टाटा रुग्णालयाच्या फुटपाथवर गावाहून आलेली कुटुंबं अंथरूण टाकून राहतात. त्यांच्यासाठी हा आकड्यांतला फरक काय आहे हे ज्याने त्यांच्याशी दोन शब्द बोलून पाहिले त्याला वेगळं सांगायला नको. त्यानंतर भारतात दुसरा असा परवाना मिळालेला नाही, याचं मला वाईट वाटतं. कायदा हातात असून तो न वापरणं ही निवडच असते.

११. सिगारेटच्या पाकिटावरची ती भयंकर चित्रं कुठल्या कराराची?

तंबाखू नियंत्रणाच्या चौकट कराराची. २००३ मध्ये मान्य, २००५ पासून लागू. भारताने २००४ मध्येच अनुसमर्थन केलं. करार म्हणतो इशारा निम्म्या किंवा अधिक भागावर असावा, ३० टक्क्यांहून कमी तर नकोच. भारतात १ एप्रिल २०१६ पासून तो ८५ टक्क्यांवर आहे. शाळेपासून १०० यार्डांत विक्रीला बंदी आपल्या २००३ च्या कायद्यात आहे. पण पानटपरीवर सुटी सिगारेट विकली की पाकीट ग्राहकाच्या हातात जातच नाही, आणि चित्रही जात नाही.

१२. आफ्रिकेतून परतताना पिवळं कार्ड नसलं तर काय होतं? मी फक्त विमान बदललं होतं.

पीतज्वराच्या लशीचं ते प्रमाणपत्र. लस घेतल्यावर १० दिवसांनी ते वैध होतं, आणि ११ जुलै २०१६ पासून एकच डोस आयुष्यभर चालतो. जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापली असली तरी ते चालतं. केनिया, युगांडा, नायजेरिया, ब्राझील अशा यादीतल्या देशांतून वैध कार्डाशिवाय आलात तर विमानतळाचे आरोग्य अधिकारी तुम्हाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. भारत इथे इतका कडक का? पीतज्वर आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा डास डेंग्यूचाच, आणि तो मुंबईत घरोघरी आहे. म्हणून भारताने नियमावलीवर राखीव अट नोंदवली आहे: देशाच्या एका भागात रोग असला तरी सगळा देश बाधित मानायचा हक्क आम्ही ठेवतो.

आता अपवाद. आदिस अबाबाला विमान बदललं आणि विमानतळाबाहेर पडलाच नाहीत तर सूट मिळू शकते, पण ती आरोग्य अधिकाऱ्याने मान्य करावी लागते. बोर्डिंग पास फेकू नका. अगदी तान्ह्या बाळांना कार्ड लागत नाही, वयाची नेमकी मर्यादा आधी विचारून घ्या. अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा दुसरं वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टरचं पत्र न्या, मात्र पत्र असलं तरी वेगळं ठेवलं जाऊ शकतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रातच घ्या, दुसरीकडचा शिक्का चालत नाही.

हजला जाणाऱ्यांना लागणारी मेंदूज्वराची लस याहून वेगळी. ती नियमावलीतली नाही, सौदी अरेबियाची स्वतःची प्रवेशाची अट आहे.

१३. २०२० मध्ये परत आल्यावर हॉटेलात सात दिवस स्वखर्चाने राहावं लागलं. हे नियमात बसतं का?

नियमावलीचं कलम ४० म्हणतं की आरोग्यरक्षणासाठी प्रवाशाला विलगीकरणात ठेवलं तर त्याचे पैसे त्याच्याकडून घेऊ नयेत. कलम ३२ जेवण, पाणी, निवारा आणि सन्मानाची वागणूक यांची जबाबदारी सरकारवर टाकतं. पैसे न घेण्याच्या नियमाला कायमच्या किंवा तात्पुरत्या वास्तव्यासाठी येणारे परदेशी नागरिक हा अपवाद. भारतासह कितीतरी देशांनी त्या काळात पैसे घेतले. माझ्या मते हे नियमाला धरून नव्हतं. नोकरी गमावून आखातातून परतलेल्या माणसाला हॉटेलचं बिल देणं तर मुळीच नाही. परतावा मिळेल का? त्यासाठी पुढचं उत्तर वाचा.

१४. मग सामान्य माणसाने तक्रार करायची कुठे?

नियमावलीत फक्त देश देशाविरुद्ध तक्रार करू शकतो. तुम्हाला किंवा मला जिनिव्हात दार नाही. देशातल्या न्यायालयात घटनेच्या कलम २१ खाली, म्हणजे जगण्याच्या हक्काखाली, दाद मागता येते आणि तिथे करार आधाराला घेता येतो (प्रश्न ९). वाट लांबची आहे.

१५. मुलगा जहाजावर आहे, आजारी आहे, बंदर उतरू देत नाही. इथेही ‘देशच तक्रार करील’ हेच उत्तर का?

नाही, इथे उत्तर वेगळं आहे. २०२० मध्ये दापोलीच्या एका आईचा मला रोज फोन यायचा. मुलाचा करार संपून पाच महिने झाले होते, जहाज एका बंदरातून दुसऱ्या बंदरात फिरत होतं आणि कुणीच उतरवून घेत नव्हतं. त्या वेळी जगभर लाखो खलाशी असे अडकले.

सागरी कामगार करार २००६ चा, भारताने २०१५ मध्ये अनुसमर्थन केलेला. त्यात खलाशाला शक्य असेल तिथे बंदरावर उतरून डॉक्टरकडे जायचा हक्क आहे, आणि त्याला घरी पाठवायचा खर्च जहाजमालकावर आहे. कोविडनंतरच्या दुरुस्त्या डिसेंबर २०२४ पासून लागू झाल्या. तातडीच्या उपचाराची गरज असलेल्या खलाशाला बंदराच्या देशाने त्वरित उतरवून घेतलं पाहिजे, हे आता त्यात लिहिलेलं आहे.

या करारात माणसाला स्वतः तक्रार करता येते. आधी जहाजावर, कप्तानाकडे. तिथे दाद लागली नाही, किंवा भीती वाटली, तर जहाज ज्या बंदरात उभं आहे तिथल्या तपासणी अधिकाऱ्याकडे. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. घरच्यांनी त्याच दिवशी मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाकडे आणि खलाशांच्या संघटनेकडे लेखी कळवावं. जहाजाचं नाव, त्याचा सात अंकी आयएमओ क्रमांक, ध्वज कोणत्या देशाचा, सध्याचं आणि पुढचं बंदर, नेमणूक करणाऱ्या एजंटचं नाव आणि आजाराची लक्षणं एवढं त्यात हवं. क्रमांक माहीत नसेल तर मुलाला आजच विचारून घ्या. तो जहाजाच्या अंगावर रंगवलेला असतो.